खुर्ची नवी की जुनी

माझ्या धाकट्या मामाला सगळी गल्ली खुर्चीमामा म्हणते. त्याचं खरं नाव कुणी अचानक विचारलं, तर मलासुद्धा क्षणभर थांबावं लागतं. पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचत दोन घरं पुढे जातो आणि मग कपाळावर हात मारून मागे येतो.

सोळाव्या वर्षी मामा खुर्च्यांच्या कारखान्यात लागला. आधी पॉलिशच्या खात्यात, मग सांधे जोडायच्या खात्यात. तिथेच वरच्या मजल्यावर मामी वेत विणायची. तिचा हात असा चालायचा की मुकादम नव्या पोरींना तिच्यामागे नुसतं उभं करायचा, शिकवायचं काही नाही, बघायचं. मामा जिन्यावरून खुर्च्यांचे सांगाडे वर नेऊन द्यायचा. खरं तर ते काम त्याचं नव्हतं. ते कुणाचं होतं हे मुकादमाच्या लक्षात यायच्या आत दोघांचं लग्न ठरलं.

कारखाना बंद पडला तेव्हा मामा चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याच्याबरोबरचा एक जण पुढे शोरूमवाला झाला, बाकीचे पांगले. मामाने घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली रिकामी केली आणि मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला घेतल्या. त्या खोलीत आजही शिरलं की आधी लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास येतो. खिडकीखाली वेत भिजवायचा पत्र्याचा टब. भिंतीवर खुर्च्यांचे सुटे पाय टांगलेले, सरळ एकीकडे, कातीव दुसरीकडे, वाकडे तिसरीकडे. ते पाय बघून नवीन माणूस जरा बिचकतोच.

वरच्या मजल्यावर थोरले मामा राहतात. ते चाळीस वर्षं एका कचेरीत हिशेबनीस होते, लग्न केलं नाही, खर्च केला नाही. स्वयंपाकघर मात्र दोघा भावांचं एकच, मामीचं. धाकट्या मामाला मी अरे-तुरे करते आणि थोरल्यांना अहो-जाहो, यातच दोघांचं वर्णन आलं.

आता या मामाच्या प्रामाणिकपणाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. मी शाळेत गणित शिकवते. म्हणून त्याचा आयकराचा फॉर्म दरवर्षी मीच भरायची. एका वर्षी कुणा गिऱ्हाईकाने पैशांऐवजी पोतंभर बटाटे आणून दिले होते.

"हे उत्पन्न कुठल्या रकान्यात?" मामाने विचारलं.

"मामा, सोड ना. बटाटे खाऊन संपलेसुद्धा."

"संपले म्हणून काय झालं? मिळाले होते की नाही?"

शेवटी 'इतर' या रकान्यात मी बटाटे लिहिले. दोन महिन्यांनी कचेरीतून पत्र आलं, आपला बटाट्यांचा व्यवसाय नेमका कुठे चालतो ते कळवावे. मामाने ते पत्र जपून ठेवलं आणि उत्तर म्हणून चार पानं लिहिली.

मग तो कायदा आला.

आम्ही सगळे मामीच्या स्वयंपाकघरात चहा पीत होतो. रेडिओवर सांगितलं की पुढच्या वर्षापासून आयकर बंद. कमाईवर एक पैसा कर नाही. सरकारचा सगळा खर्च आता लोकांच्या खरेदीतून निघणार, म्हणजे नवी वस्तू घेतली की तिच्या किमतीतच कर. वर प्रत्येक घराला, घरात माणसं किती ते बघून, दर महिन्याला ठरावीक रक्कम सरकारच परत देणार, म्हणजे गरजेपुरत्या खरेदीवरचा कर अंगावर पडणार नाही.

मामी म्हणाली, "बरं झालं. पोरीचा दरवर्षीचा एक रविवार वाचला."

मामा मात्र बशीत ओतलेला चहा तसाच धरून बसला होता. "म्हणजे मी किती कमावलं हे आता कुणालाच सांगायचं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मला कसं कळणार?"

यावर मी हसले. तो हसला नाही. त्याला खरंच तसं वाटलं होतं. वर्षातून एकदा कुणीतरी विचारतं, म्हणून आपण मोजतो, अशी त्याची समजूत होती.

थोरले मामा सगळं ऐकून उठले, कप मोरीत ठेवला आणि दारातून वळून म्हणाले, "मी चाळीस वर्षं कमावताना कर भरला. भरून जे उरलं ते बाजूला ठेवलं. आता ते खर्च करायची वेळ आली, तर खर्च करताना परत कर. एकाच पैशाला दोनदा कापलं."

"पण दादा, मीही भरणारच आहे की आता," मामा म्हणाला.

"तू कमावताना भरणार नाहीस. मी भरून बसलोय."

ते जिना चढून गेले. मामा माझ्याकडे बघायला लागला. "दादा म्हणतो ते बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

"आणि रेडिओवाला म्हणतो ते?"

"तेही तसं बरोबरच आहे, मामा."

"असं कसं असेल?" तो म्हणाला आणि खाली कामाला गेला.

सरकारचं माहितीपत्रक घरोघर आलं. त्यात एक ओळ होती, तिने मामाचं नशीब फिरवलं. 'जुन्या वस्तूच्या विक्रीवर आणि दुरुस्तीवर कर नाही.' नव्या खुर्चीची किंमत एकदम वर गेली आणि लोकांना आपापल्या माळ्यांवरच्या मोडक्या खुर्च्या आठवल्या. पहिल्या महिन्यात मामाच्या दाराबाहेर रांग लागली. कुणी आजीची डोलखुर्ची आणली, कुणी शाळेतला बाक, एकाने तर लग्नात भाड्याने देतात तसली सोनेरी खुर्ची आणली आणि ती कुठून आली हे काही सांगितलं नाही. मामीची बोटं वेत विणून विणून सोलवटली, म्हणून शेजारच्या दोघी बायकांना तिने विणकाम शिकवून हाताशी घेतलं.

कमाई वाढली हे दिसत होतं. पण सरस, वेत, खिळे, पॉलिश, सगळंच नवं घ्यावं लागायचं आणि सगळ्याचेच भाव चढलेले. घरात तेल, साबण, बूट यांचंही तेच. महिन्याला सरकारकडून रक्कम यायची ती वेगळी. मामा रविवारी कागद घेऊन बसायचा आणि मला बोलवायचा.

"आपण वर गेलो की खाली?"

मी बेरीज-वजाबाकी करून सांगायची, "थोडा वर गेलास."

"आणि दादा?"

थोरले मामा खाली गेले होते. त्यांना आता कमाई नव्हती, होता तो फक्त खर्च. त्यांनी बुटांचे तळवे दोनदा बदलून घेतले, वर्तमानपत्र बंद केलं आणि वाचायला खालचं, मामाचं, मागून न्यायला लागले. तक्रार कधी केली नाही. पण वर्तमानपत्र परत देताना घडी अगदी कडक घालून द्यायचे. त्या घडीकडे बघून मामाला अपराध्यासारखं व्हायचं. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ, आणि एकाच कायद्याने एक वर गेला, एक खाली. यात आपण काय केलं, हे त्याला काही केल्या समजेना.

अशातच दाताचे डॉक्टर आले.

ते मामाचे जुने ओळखीचे. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला खुर्चीचा एक पाय काढला आणि मामाच्या बाकावर ठेवला.

"ही माझी खुर्ची," डॉक्टर म्हणाले. "दुरुस्त करून द्या."

मामाने पाय उलटसुलट केला. "बाकीची कुठे आहे?"

"बाकीची गेली. वाळवी लागली. तेवढाच भाग वाचला."

मामाला आधी हसू आलं. मग तो म्हणाला, "डॉक्टर, ही काय दुरुस्ती झाली? ही तर नवी खुर्ची. नवीला कर लागतो."

"खुर्चीमामा, तुमच्या मागच्या दाढेचं मी काय केलं?"

मामाचा हात आपोआप गालाकडे गेला.

"मूळ तुमचं ठेवलं," डॉक्टर म्हणाले, "आणि वरचं सगळं मी नवं बसवलं. आता सांगा, ती दाढ तुमची की माझी? मी तुम्हाला नवी दाढ विकली का?"

मामाने जिभेने दाढ चाचपली. तो मामीकडे बघायला लागला. मामी विणता विणता म्हणाली, "मला दाढेतलं काही कळत नाही. पण मागच्या आठवड्यात तुम्ही तीन पाय आणि पाठ बदललीत, त्याला दुरुस्तीच म्हणालात."

हे मात्र खरं होतं. एक पाय बदलला तर दुरुस्ती. दोन बदलले तरी दुरुस्ती. तीन आणि पाठ बदलली, तेव्हाही त्याला काही वाटलं नव्हतं. मग नेमकं कुठे थांबायचं? त्याने दोन दिवस विचार केला, नाही म्हणायला कारण शोधलं, कारण सापडलं नाही, आणि त्याने त्या एका पायाला बाकीची खुर्ची लावून दिली. पाय पुढचा डावा. खुर्ची सुंदर झाली.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. लोक पाय आणू लागले. मग हात. मग पाठीच्या दोन-दोन कांड्या. मामा प्रत्येक वेळी डोकं खाजवायचा, पण डॉक्टरांना करून दिलं तर यांना का नाही, म्हणून करायचा. शेवटी एका माणसाने कागदाच्या पुडीतून एक गंजका खिळा काढला.

"ही खुर्ची," तो म्हणाला.

"नाही," मामा म्हणाला. "खिळ्याची खुर्ची करून मिळणार नाही."

"पायाची करता, मग खिळ्याची का नाही?"

मामाने खिळा उलटसुलट करून बघितला. तो माणूस भांडायला आला नव्हता, खरंच विचारत होता. मामाने त्याला चहा पाजला आणि खिळा पुडीत बांधून परत दिला. पण दिवसभर तो प्रश्न त्याच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत राहिला. मी शाळेतून येताना डोकावले तर म्हणाला, "तू गणित शिकवतेस. पाय आणि खिळा यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची, सांग."

मी म्हटलं, आमच्या गणितात खुर्च्या नसतात.

त्याच आठवड्यात शोरूमवाला आला. कारखान्यात हे दोघं एकाच डब्यातून जेवलेले. मामाने बसायला खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही.

"माझ्याकडे चार माणसं कामाला आहेत," तो म्हणाला. "खुर्ची विकली की मी कर लावतो, सरकारला भरतो. तू तीच खुर्ची करतोस, एक जुना पाय लावतोस आणि कर बुडवतोस."

"बुडवतो?" मामाचा आवाज एकदम चिरकला. "मी?"

"मग काय म्हणू? गिऱ्हाईक माझ्याकडे बघून जातं, माप घेऊन जातं, आणि तुझ्याकडे करून घेतं."

"मला सांगायचंस तरी."

"सांगायलाच आलोय."

तो गेल्यावर मामाने रंधा हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. बटाट्यांचा कर भरायला निघालेला माणूस तो. त्याला 'बुडवतोस' हा शब्द फार लागला. दुपारी त्याने अंगावरचा भुसा झटकला, स्वच्छ शर्ट घातला आणि मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. कचेरीत जाऊन विचारू."

कचेरी तीच होती, आयकराची. पाटीवरचं जुनं नाव रंगाने पुसून वर नवं लिहिलं होतं, पण उन्हात जुनी अक्षरं खालून दिसत होती. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. दुसऱ्या खिडकीने विचारलं, "तुम्ही विक्रेते की दुरुस्तीवाले?" मामा म्हणाला, "तेच विचारायला आलोय." तिने तिसरीकडे पाठवलं. तिसऱ्या खिडकीवर कुणी नव्हतं, नुसता पंखा फिरत होता. अर्ध्या तासाने आम्हाला आतल्या खोलीत एका अधिकारी बाईंसमोर बसवलं.

बाईंचे केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी मामाचं सगळं ऐकून घेतलं, अगदी दाढेसकट.

"याबद्दल नियम अजून आलेला नाही," त्या म्हणाल्या. "लेखी अर्ज द्या."

"देतो. पण तोवर मी काय करू?"

"तोवर नेहमीसारखं चालू ठेवा."

"बाई, नेहमीसारखं म्हणजे कसं, तेच मला कळेनासं झालंय."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मामाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग विचारलं, "तुम्ही ते बटाटेवाले का?"

चार दिवसांनी बाई स्वतः तळमजल्यावर आल्या. मामाने आठ खुर्च्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. "यातल्या नव्या कुठल्या आणि जुन्या कुठल्या, तुम्ही सांगा," तो म्हणाला. त्यात आव्हान वगैरे काही नव्हतं. कुणीतरी सांगावं, एवढंच त्याला हवं होतं.

बाई प्रत्येक खुर्चीवर बसल्या. हात फिरवला. खाली वाकून सांधे बघितले. तीन नव्या म्हणून दाखवल्या, आणि तिन्ही चुकल्या. ज्या खुर्चीत सगळ्यात कमी नवं होतं, ती पॉलिशमुळे नवीकोरी दिसत होती. ज्या खुर्चीचा एक हात तेवढा जुना होता, ती खुर्ची मामाने त्या हाताला शोभावी म्हणून मुद्दाम जुनाट रंगवली होती. बाईंनी लिहून घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी वही मिटून मामीने दिलेला चहा घेतला.

"वीस वर्षं मी लोकांचं उत्पन्न तपासलं," त्या म्हणाल्या. "लोक लपवायचे, आम्ही शोधायचो. कुणी गादीत लपवायचं, कुणी बायकोच्या नावावर. पण लपवलेलं सापडलं की समजायचं तरी, हे ते. तुम्ही काहीच लपवत नाही, आणि मला काहीच समजत नाही."

"मग मी बुडवलं का?" मामाने विचारलं.

"ते मी आज सांगू शकत नाही."

"उद्या?"

बाईंनी कप ठेवला आणि त्या उठल्या. जाताना त्यांनी स्वतःच्या घरच्या एका खुर्चीबद्दल विचारलं, तिची बैठक खाली गेली होती. मामी म्हणाली, "आणा, बैठकीला काही शंका नाही, ती दुरुस्तीच आहे."

नियम पाच महिन्यांनी आला. वस्तूचा नवा भाग वजनाने निम्म्याहून जास्त असेल, तर वस्तू नवी धरावी आणि कर आकारावा. मागच्या प्रकरणांना माफी.

शोरूमवाल्याला वाटलं प्रश्न मिटला. मलाही वाटलं. मामा मात्र 'माफी' या शब्दापाशीच अडला. "माफ कशाबद्दल केलं? मी चुकलो होतो का? चुकलो असेन तर भरतो. नसेन चुकलो तर माफी कसली?" सतरा खुर्च्यांचा कर आपण होऊन भरायला तो कचेरीत गेला. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की माफ झालेले पैसे घ्यायला त्यांच्याकडे पावतीपुस्तकच नाही. मामा तसाच परत आला आणि वाटेत शोरूमवाल्याकडे थांबला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. पण त्यानंतर, सगळी खुर्चीच करून घ्यायला जे यायचे त्यांना तो शोरूमकडे पाठवू लागला, आणि शोरूमवाला मोडक्या खुर्च्या इकडे पाठवू लागला.

मामाने वजनकाटा आणला. काट्यावर पाय ठेवायची जागा एवढीशी आणि खुर्ची केवढी, त्यामुळे खुर्ची उलटी करून ठेवावी लागायची. आधी जुना भाग तोलायचा, मग पूर्ण खुर्ची. कागदावर हे सोपं दिसत होतं. मग थोरल्या मामांच्या वाचायच्या खुर्चीचं झालं.

ती त्यांची एकुलती एक चैन. हातांची रुंद खुर्ची, तीस वर्षांची. तिचे मागचे दोन्ही पाय एकदम गेले आणि थोरले मामा पुस्तकासकट जमिनीवर आले. लागलं नाही, पण फार ओशाळले. मामाने खुर्ची खाली आणली. पाय बदलले, पाठीची चौकट बदलली, मामीने बैठक आणि पाठ दोन्ही नव्या वेताने विणून काढली. सोमवारी दुपारी मामाने खुर्ची काट्यावर ठेवली. नवा भाग निम्म्याहून जास्त. फार नाही, मूठभर.

मामा काट्याशी तसाच उभा राहिला. म्हणजे ही नवी खुर्ची. म्हणजे दादाला कर. कमावताना एकदा भरलेला, आता बसायला पुन्हा.

"मी भरतो त्याच्या वाटचा," तो मला हळूच म्हणाला. "त्याला सांगू नकोस."

"थोरल्या मामांना कळल्याशिवाय राहील का? ते पावती मागतील."

मामी टबातला वेत पिळत होती. ती म्हणाली, "अहो, ओला आहे तो."

"काय?"

"वेत. आत्ता विणलाय, पाणी प्यायलाय. वाळू द्या, मग तोला."

गुरुवारी खुर्ची वाळली. मामाने पुन्हा तोलली. नवा भाग निम्म्याहून कमी. अगदी थोडा, पण कमी.

मला वाटलं तो खूश होईल. त्याने काट्यावरून खुर्ची उतरवली, पुन्हा चढवली, पुन्हा उतरवली. मग त्याच दिवशी बाईंना पत्र लिहायला घेतलं, की सोमवारी जी वस्तू नवी असते ती गुरुवारी जुनी होते, तर कुठला वार धरावा. मी म्हटलं, "मामा, आता तरी सोड." तो म्हणाला, "आणि पावसात दिली तर?"

उत्तर यायला दहा दिवस लागले, आणि तोवर त्याने खुर्ची वर नेऊ दिली नाही. थोरले मामा ते दहा दिवस स्टुलावर बसून वाचत होते. बाईंचं पत्र टाइप केलेलं, दोनच ओळींचं होतं. वस्तू ग्राहकाच्या हाती देतेवेळचे वजन ग्राह्य धरावे. खाली शाईने, बहुधा नियमाबाहेर, लिहिलं होतं: आपण विचारलेत म्हणून कळवते, हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता.

आम्ही दोघांनी मिळून खुर्ची जिन्याने वर नेली, मामाने पुढून आणि मी मागून. थोरले मामा बसले, हात फिरवला.

"कर किती?"

"काही नाही. जुनीच आहे."

"पाय नवे दिसतात."

"हो."

"पाठ?"

"तीही नवी."

"वेत?"

"नवा."

थोरले मामा हिशेबनीस माणूस. त्यांनी धाकट्याकडे चष्म्यावरून बघितलं. "मग जुनं काय आहे हिच्यात?"

"वजन," मामा म्हणाला, आणि मग त्यालाच आपलं बोलणं इतकं चमत्कारिक वाटलं की तो जिन्यावर बसून हसायला लागला. थोरले मामाही हसले. त्या दोघांना एकत्र हसताना मी कायदा आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. हसणं थांबल्यावर मामाने विचारलं, "दादा, माझ्यामुळे तुझं नुकसान झालं का?"

"तुझ्यामुळे कसं होईल?"

"मी वर गेलो ना."

"तू वर गेलास तर जा की," थोरले मामा म्हणाले. "मी तिथेच राहतो." आणि त्यांनी पुस्तक उघडलं. हे ते गमतीने म्हणाले की रागाने, ते मामाने मला खाली आल्यावर तीनदा विचारलं.

तीन वर्षांनी सरकारने लोकांनाच विचारायचं ठरवलं, हा कर ठेवायचा की पूर्वीचा परत आणायचा. मतदान आमच्याच शाळेत होतं आणि मी यादी बघायला बसले होते. मामा आत गेला तो बाहेर येईचना. पडद्याखालून त्याच्या चपला दिसत होत्या, एकदा डावीकडे वळायच्या, एकदा उजवीकडे. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी केंद्रप्रमुखांनी हाक मारली, "काका, काही अडचण?"

"नाही, नाही. जरा दोन मिनिटं."

बाहेर आला तेव्हा कपाळावर घाम होता. संध्याकाळी थोरल्या मामांनी विचारलं, "काय केलंस?"

"शिक्का मारला."

"कुठे?"

"तुला विचारून गेलो नव्हतो, आता तूही विचारू नकोस," मामा म्हणाला. त्याने आयुष्यात थोरल्या भावाला असं उत्तर पहिल्यांदाच दिलं असेल. थोरले मामा आठवडाभर नाराज होते. मला मात्र त्याने नंतर एकदा सांगितलं, तेही कुठे मारला ते नाही. "शिक्का मारताना खात्री होती," तो म्हणाला. "घडी घालेपर्यंत गेली."

कर राहिला. थोड्याच मतांनी, पण राहिला. मामा आता सत्तरीला आलाय. कामाला जोर आहे, घर चाललंय, थोरल्या मामांचं वर्तमानपत्र पुन्हा सुरू झालंय आणि त्याचे पैसे कोण देतं हे दोघंही एकमेकांना विचारत नाहीत. आपण वर गेलो की खाली, हे तो अजून रविवारी मला विचारतो. मी आकडा सांगते. तो मान हलवतो, पण त्याला पटलेलं नसतं.

मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा एक बाई पाळणा घेऊन आली होती. एका बाजूच्या पट्ट्या गेलेल्या, तळ फुटलेला. मामाने पाळणा फिरवून बघितला, पट्ट्या मोजल्या, काट्याकडे बघितलं, मग परत पाळण्याकडे.

"कितवा महिना?" त्याने विचारलं.

"आठवा."

"मग वेळ कमी आहे," तो म्हणाला, आणि करवत शोधायला आत गेला.